पायडल सोपे, स्टँड अवघड: हृदयशस्त्रक्रियेनंतरची सायकल

बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी या भागांतून आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे या वेळी एकाच विषयाची निघाली. आपल्याकडील पुष्कळ रुग्ण शस्त्रक्रियेसाठी कोल्हापूर, मिरज, पुणे, हुबळी किंवा बंगळूरला जातात आणि टाके निघाले की गावी परततात. तेथून पुढची देखरेख घरच्या डॉक्टरांकडे येते आणि ‘सायकल कधी?’ हा प्रश्न कोणालाच न विचारता राहून जातो. म्हणून या वेळचे सदर त्या एकाच प्रश्नाला दिले आहे. येथील उत्तरे सर्वसाधारण आहेत. आपली छाती आणि आपले अहवाल ज्यांनी पाहिले आहेत, त्यांचा शब्द अंतिम मानावा.

प्रश्न: सप्रेम नमस्कार. मी अनगोळला राहतो, वय ६१. उद्यमबागेतील एका फाउंड्रीत ३० वर्षे टर्नर होतो आणि तेवढी सगळी वर्षे कामावर सायकलनेच गेलो. सात आठवड्यांपूर्वी माझी बायपास झाली. तीन ग्राफ्ट (अडलेल्या जागेला वळसा घालून जोडलेल्या रक्तवाहिन्या) आहेत, त्यांतले दोन डाव्या पायाच्या शिरेचे आहेत. आता रोज अर्धा तास चालतो, दम लागत नाही. डिस्चार्ज कार्डावर ‘जड उचलू नये, वाहन चालवू नये’ एवढेच लिहिले आहे, सायकलीचा उल्लेख नाही. माझी सायकल जुनी, काळी, दांडीची आहे. ती कधीपासून चालवावी? छातीच्या डाव्या बाजूला बधिरपणा आहे आणि संध्याकाळी डावा पाय सुजतो, त्याची अडचण होईल का?

उत्तर: अर्धा तास चालून आपल्याला दम लागत नाही, याचा अर्थ आपले हृदय कामाला लागले आहे. सायकलीच्या आड आता हृदय येत नाही, छातीचे हाड येते. बायपाससाठी छातीच्या मधोमध असलेली उरोस्थी उभी कापावी लागते आणि शेवटी ती पोलादी तारांनी आवळून बांधतात. या तारा जन्मभर आतच राहतात, मात्र त्यांचे काम हाडाच्या दोन कडा एकमेकींना टेकवून धरणे एवढेच असते. सांधा धरण्याचे काम शरीराला करावे लागते आणि त्याला साधारण १२ आठवडे लागतात. मधुमेह, विडी-सिगारेट किंवा लठ्ठपणा असेल, तर याहून अधिक लागतात. सातव्या आठवड्यात हाड बरेचसे जुळलेले असते, परंतु एखादा जोराचा हिसका सोसण्याइतके पक्के झालेले नसते. म्हणून रस्त्यावरची सायकल १२ आठवडे पूर्ण झाल्यावर आणि सर्जनने छाती दाबून पाहून होकार दिल्यावरच सुरू करावी.

हे वाचून आपण म्हणाल की, पायडल तर पायांनी मारायचे, छातीचा त्यात काय संबंध? पायडलापुरते आपले म्हणणे खरे आहे. शांत बसलेला माणूस जेवढा प्राणवायू वापरतो, त्याला आम्ही एक मेट म्हणतो. ताशी पाच किलोमीटर वेगाने चालायला साधारण साडेतीन मेट लागतात आणि सपाट रस्त्यावर ताशी १५ किलोमीटरच्या आत रमतगमत सायकल चालवायला साधारण चार. चालणे आपल्याला जमते आहे, तेव्हा पायडल मारणे त्याहून फार अवघड नाही. सायकलीची खरी मेहनत पायडलाच्या आधी आणि नंतर असते. आपल्यासारखी काळी दांडीची सायकल सुमारे २० किलो भरते. ती मागे ओढून स्टँडवर चढवताना दोन्ही दंडांचा जो झटका बसतो, तो थेट उरोस्थीवर जातो, कारण छातीचे मोठे स्नायू दोन्ही बाजूंनी त्याच हाडाला जोडलेले असतात. उंबरठ्यावरून उचलणे, गटारावरच्या फरशीवरून ओढून घेणे, पायरीवर चढवणे यांतही तेच होते. टांग मारताना तोल गेला, तर माणूस विचार न करता हँडल घट्ट आवळतो आणि पडणारी सायकल हाताने सावरू पाहतो. हाडाच्या दोन कडा एकमेकींपासून ओढल्या जाण्याची सगळ्यांत मोठी भीती त्याच क्षणी असते. खड्ड्यातून जाताना आणि करकचून ब्रेक दाबताना अंगाचा भार पुढे हातांवर येतो, तेही यातच मोजावे.

म्हणून १२ आठवड्यांनंतरही पहिले दोन महिने सायकल स्टँडवर लावण्याचे काम मुलाला किंवा शेजाऱ्याला सांगावे, नाहीतर तिला साइड स्टँड बसवून घ्यावा. भिंतीला टेकवून ठेवली तरी चालेल. सीट इतकी खाली घ्यावी की बसल्या जागी दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकतील. गुडघ्यांना हे थोडे गैरसोयीचे होईल, पण सध्या गुडघ्यांपेक्षा छातीची काळजी मोठी आहे. हँडल वर घ्यावे, म्हणजे पाठ सरळ राहील आणि तळहातांवर भार येणार नाही. हँडलची उंची कशी वाढवावी हे एका टर्नरला मी सांगणे म्हणजे आगाऊपणा होईल. घरात किंवा भावकीत कोणाची लेडीज सायकल असेल, तर सुरुवातीला तीच वापरावी, कारण तिला मधली दांडी नसल्याने टांग मारावी लागत नाही. यात कमीपणा मानणारे पुष्कळ पुरुष मी पाहिले आहेत आणि त्यांच्यापैकी काही जण टांग मारताना पडलेलेही पाहिले आहेत.

मधल्या पाच आठवड्यांत हात रिकामे बसू नयेत असे वाटत असेल, तर डॉक्टरांना विचारून व्यायामाची जागेवरची सायकल वापरता येईल. मात्र हातांनी मागेपुढे ओढायचे दांडे असलेली नको. हात हँडलवर नुसते ठेवायचे, ओढायचे नाहीत. पाच मिनिटे अगदी सैल, दहा मिनिटे थोडी चढती आणि पुन्हा पाच मिनिटे सैल, एवढे पुरे.

रस्त्यावर पहिल्या दिवशी दहा मिनिटांपेक्षा जास्त चालवू नये आणि घरापासून दूरही जाऊ नये. लांब सरळ जाण्यापेक्षा आपल्याच गल्ल्यांत किंवा व्हॅक्सिन डेपोच्या बाजूच्या शांत रस्त्यांवर सकाळी फेऱ्या माराव्यात, म्हणजे दमलात तरी घर जवळच असेल. रेल्वे ओव्हरब्रिजचा चढ पहिला महिनाभर टाळावा. आपल्याकडे पावसाळ्यात पश्चिमेचा वारा जोरात असतो. जाताना तो समोरून घ्यावा आणि येताना पाठीवर. याच्या उलट केले, तर जाताना माणूस फुशारक्या मारतो आणि परतताना धापा टाकतो.

आता आपल्या दोन तक्रारींविषयी. बायपासमधला एक ग्राफ्ट बहुधा छातीच्या आतील डाव्या बाजूच्या रक्तवाहिनीचा असतो. ती सोडवून घेताना तेथील बारीक नसा दुखावतात, म्हणून डाव्या बाजूला बधिरपणा किंवा मुंग्या येतात. हे काही महिने टिकते आणि त्यासाठी सायकल अडत नाही. पायाची शीर काढल्यावर रक्त वर नेण्याचे काम उरलेल्या शिरांना करावे लागते आणि त्या सरावेपर्यंत संध्याकाळी सूज येते. बसताना पाय उंचावर ठेवावा आणि मोजे सांगितले असतील तर घालावेत. पोटरी हलल्याने सूज उतरायला मदतच होते. मात्र एकच पोटरी अचानक कडक, गरम आणि दुखरी झाली, तर सायकल सोडून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी. तसेच खोकताना किंवा कूस बदलताना छातीत ‘टक्’ असा आवाज आला, हाड सरकल्यासारखे वाटले किंवा जखमेतून पाणी आले, तर सर्जनकडे जाईपर्यंत हँडलला हात लावू नये.

प्रश्न: माझ्या यजमानांची (वय ५४) बायपास होऊन पाच महिने झाले. आम्ही निपाणीचे. ते मित्रांच्या सायकल गटाबरोबर पहाटे पाचला निघतात आणि तवंदी घाटापर्यंत जाऊन येतात. मनगटावरच्या घड्याळात नाडी १०५ च्या वर जात नाही, म्हणून ते निर्धास्त आहेत. ते परत येईपर्यंत मला घास उतरत नाही. काही बोलले तर चिडतात. शस्त्रक्रियेच्या वेळी तंबाखू सोडली होती, पण हल्ली खिशात पुन्हा पुडी सापडते. आमच्यात कोणाचे बरोबर?

उत्तर: सायकल चालवण्यात त्यांचे बरोबर आहे आणि घाटाविषयी आपले. पाच महिन्यांत छातीचे हाड बहुधा पक्के झालेले असते आणि नियमित सायकल ही या आजारात चांगली गोष्ट आहे. मात्र त्यांचा सगळा विश्वास ज्या आकड्यावर आहे, तो आकडा त्यांचा नाही, गोळीचा आहे. आपण पाठवलेल्या औषधांच्या यादीत मेटोप्रोलॉल आहे. हे औषध हृदयाची गती मुद्दाम कमी ठेवते आणि कितीही श्रम झाले तरी नाडी फार वर जाऊ देत नाही. म्हणून २२० मधून वय वजा करण्याचा सर्वांना पाठ असलेला हिशेब हे औषध घेणाऱ्याला लागू पडत नाही. १०५ वर नाडी असतानाही हृदय शक्तीच्या टोकाला गेलेले असू शकते.

अशा वेळी घड्याळापेक्षा तोंड खरे बोलते. सायकल चालवताना शेजारच्या मित्राशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. दोन-दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल, तर वेग जास्त आहे. दवाखान्यात आम्ही यासाठी स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांची ६ ते २० आकड्यांची पट्टी वापरतो. सहा म्हणजे काहीच श्रम नाहीत आणि वीस म्हणजे आणखी एक पायडलही शक्य नाही. ‘बऱ्यापैकी हलके’ ते ‘थोडे जड’ म्हणजे ११ ते १३ येथपर्यंत राहावे. ही पट्टी सहापासून का सुरू होते, असे पुष्कळ जण विचारतात. निरोगी तरुण माणसात त्या आकड्याला दहाने गुणले की साधारण नाडीचे ठोके मिळतात, म्हणून. मेटोप्रोलॉल घेणाऱ्यात तो गुणाकार चुकतो, पण श्रम किती वाटतात हे मात्र चुकत नाही.

घाटाआधी टीएमटी, म्हणजे पट्ट्यावर चालवून घेतलेली ईसीजी चाचणी, व्हायलाच हवी आणि ती रोजची औषधे चालू ठेवून करावी की कसे, हे डॉक्टरांना विचारावे. त्या चाचणीत दर तीन मिनिटांनी चढ आणि वेग वाढत जातो. पहिल्या टप्प्यात साधारण पाच, दुसऱ्यात सात आणि तिसऱ्यात दहा मेटपर्यंत श्रम होतात. सपाटीला चार मेट घेणारी सायकल चढाला सहज आठ मागते. म्हणून ज्याला तिसरा टप्पा त्रासाविना पार करता येत नाही, त्याने घाटाचे नाव काढू नये. शक्य असल्यास चाचणीच्या वेळी आपणही सोबत जावे. अहवालाच्या कागदापेक्षा, यजमान पट्ट्यावर नऊ मिनिटे चालताना प्रत्यक्ष पाहिल्याने बायकोच्या मनातली भीती जास्त उतरते, असा माझा अनुभव आहे. चाचणीत काही निघाले, तर आपण सांगण्याची गरजच उरणार नाही.

चाचणी उत्तम आली तरी चढावर सीटवरून उठून पायडल मारू नये आणि हँडल ओढताना श्वास रोखून धरू नये, कारण त्याने रक्तदाब झपाट्याने वर जातो. चढ संपताच गप्पा मारायला एकदम थांबतात, ती सवय सोडावी. श्रमांत पायांकडे गेलेले रक्त, पाय अचानक थांबले की तेथेच साचते, रक्तदाब उतरतो आणि घेरी येते. रक्तदाबाच्या आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांत हे अधिक होते. पाच-दहा मिनिटे सैल पायडल मारत राहून मगच उतरावे. गटाने सर्वांत हळू चालणाऱ्याच्या वेगाने जायचे असते. चहाच्या टपरीपर्यंत शर्यत लावणारा गट आपल्या यजमानांच्या कामाचा नाही.

पहाटे पाचची वेळ मला सर्वांत कमी पसंत आहे. हृदयविकाराचे झटके पहाटे आणि सकाळच्या पहिल्या काही तासांत जास्त येतात आणि थंडीने रक्तवाहिन्या आकसतात. शिवाय उसाचा हंगाम सुरू झाला की आपल्या भागात मागचे दिवे नसलेल्या ट्रॉल्या काळोखात रस्ता अडवून चाललेल्या असतात आणि हमरस्त्यावर पाठीमागून येणारा ट्रक त्यांना चुकवतो तो सायकलवाल्याच्या बाजूनेच. सात वाजता, उजाडल्यावर, हमरस्ता सोडून जावे. खिशात मोबाइल आणि औषधांची चिठ्ठी असावी, घरी रस्ता आणि परतण्याची वेळ सांगून जावे. छातीत दाब आला, डावा हात किंवा जबडा दुखू लागला, तर तेथेच उतरून बसावे आणि डॉक्टरांनी दिली असेल तर जिभेखालची गोळी ठेवावी. पाच मिनिटांत आराम पडला नाही, तर १०८ ला फोन करावा. फोनवर गाव आणि तालुक्याबरोबर राज्यही सांगावे, सीमेवर राहणाऱ्यांनी तर हटकून सांगावे. ‘हळूहळू घरी जातो’ म्हणून पुन्हा सायकलीवर बसू नये.

पुडीविषयी निपाणीकरांना काय सांगावे! ज्या पिकावर गावाने घरे बांधली, त्याला नावे ठेवणे मला अवघड जाते. तरी सांगतो की निकोटीन चघळले काय नि ओढले काय, ते रक्तवाहिन्या आवळते आणि हृदयाला जोराने धावायला लावते. एका बाजूने मेटोप्रोलॉलची गोळी लगाम ओढते आणि दुसऱ्या बाजूने पुडी टाच मारते. चिडण्याविषयी एक गोष्ट लक्षात ठेवावी. बायपासनंतर काही महिने उदासपणा आणि चिडचिड पुष्कळांना होते आणि तिच्यावर उपचार आहेत. झोप उडाली असेल किंवा कशातच मन लागत नसेल, तर तेही डॉक्टरांच्या कानावर घालावे.

प्रश्न: मी खानापूर तालुक्यातील एका मराठी प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे, वय ३४. लहानपणच्या संधिवातज्वराने माझ्या हृदयाची मायट्रल झडप खराब झाली होती. धातूची झडप बसवून एक वर्ष झाले. रक्त पातळ होण्यासाठी अ‍ॅसेनोकुमॅरॉल घेते. बसथांब्यापासून शाळा तीन किलोमीटर आहे, पूर्वी मी सायकलने जात असे. आई म्हणते, रक्त पातळ असताना सायकल नकोच. दोन दिवस सायकल चालवली, तर छातीतली टिकटिक जलद ऐकू आली. ती धोक्याची आहे का?

उत्तर: टिकटिक म्हणजे झडप उघडझाप करते तो आवाज. श्रमाने ठोके वाढले की तीही वाढणारच. ती दबल्यासारखी किंवा नाहीशी झाल्यासारखी वाटली आणि त्यासोबत दम लागला, तर मात्र लगेच रुग्णालय गाठावे.

आपल्या आईंची काळजी रास्त आहे, परंतु तिचा रोख सायकल चालवण्याकडे नको, पडण्याकडे हवा. वर्षभरात हाड भरून आले आहे. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, आणि डॉक्टरांचे मत अनुकूल असेल, तर सपाटीचे तीन किलोमीटर आपल्याला जड नाहीत. डोक्याला मार लागला, तर मात्र आपला प्रश्न इतरांसारखा राहत नाही. हेल्मेट नेहमी घालावे, तीनच किलोमीटर असले तरी. डोके आपटले आणि नंतर अगदी बरे वाटत असले, तरी त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन औषधाचे नाव सांगावे आणि सीटी स्कॅनविषयी विचारावे, कारण आतला रक्तस्राव काही तासांनी कळतो. सायकल चालवायची म्हणून गोळी कमी करणे किंवा एखाद्या दिवशी चुकवणे हा सर्वांत मोठा धोका आहे. धातूच्या झडपेवर रक्ताची गुठळी धरली, तर ती पडण्याहून वाईट. आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झाले आहे हे सांगणारा आकडा, सांगितलेल्या मर्यादेत आहे ना, हे नियमाने तपासावे. पालेभाज्या बंद करू नयेत, रोज साधारण सारख्याच प्रमाणात खाव्यात.

सायकलीने गुडघे दुखले, तर दुकानातून आयब्रुफेन किंवा डायक्लोफेनॅक घेऊन खाऊ नये, त्याने रक्तस्राव वाढतो. खरचटले तर स्वच्छ धुऊन दहा मिनिटे न उचलता दाबून धरावे. त्यानंतर ताप आला आणि उतरेना, तर डॉक्टरांना झडपेविषयी आधी सांगावे, म्हणजे अँटिबायोटिक सुरू करण्यापूर्वी ते रक्ताची कल्चर तपासणी करतील. झडपेवर जंतू बसले आहेत का, हे त्याशिवाय नीट कळत नाही. खानापूरच्या पावसात शेवाळलेला रस्ता आणि तांबडा चिखल असतो. ते चार महिने सायकल घरी ठेवून चालत जावे किंवा कोणाच्या तरी मागे बसून जावे. दप्तरात औषधांचे कार्ड ठेवावे आणि ते मराठीबरोबर कन्नड आणि इंग्रजीतही लिहावे. रस्त्यात मदतीला धावणारा कोणती लिपी वाचणारा असेल, हे आपल्या हाती नाही.

प्रश्न: चिकोडीहून लिहितो. वय ५८, मधुमेह आहे. झटका आला नव्हता, पण एक रक्तवाहिनी अरुंद निघाली म्हणून मनगटातून अँजिओप्लास्टी केली. दहा दिवस झाले. ग्लिमेपिराइड आणि मेटोप्रोलॉल चालू आहेत. रोज सकाळी पाच किलोमीटर सायकल चालवण्याची जुनी सवय आहे. मलाही १२ आठवडे थांबावे लागेल का?

उत्तर: नाही. आपली छाती उघडलेली नाही. झटका नव्हता आणि मनगटाची जागा भरली असेल, तर आपल्या डॉक्टरांच्या परवानगीने या आठवड्यात सपाटीवर थोडे सुरू करता येईल. झटका येऊन अँजिओप्लास्टी झालेल्यांना मात्र चार ते सहा आठवडे धीर धरावा लागतो. स्टेंट, म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळीची नळी, टाकल्यावर दिलेल्या, रक्त गोठू न देणाऱ्या दोन गोळ्या कोणाच्याही सांगण्यावरून परस्पर बंद करू नयेत.

आपल्याला जपायचे आहे ते साखरेला. ग्लिमेपिराइड घेऊन उपाशीपोटी पाच किलोमीटर गेलात, तर साखर एकदम उतरू शकते. साखर उतरली की छाती धडधडते, ही त्याची ओळखीची खूण, परंतु मेटोप्रोलॉल ती धडधडच दाबून टाकते. घाम मात्र दाबला जात नाही. म्हणून थंड सकाळी, श्रमांच्या मानाने जास्त घाम सुटला, हात थरथरले किंवा गोंधळल्यासारखे झाले, तर साखर उतरली असे समजून लगेच थांबावे. काहीतरी खाऊन निघावे आणि खिशात तीन-चार चमचे ग्लुकोज पावडरीची पुडी ठेवावी. आपण विचारले नाही, तरी सांगून ठेवतो: त्या पुडीच्या जागी कुंदा चालणार नाही, कारण त्यातल्या खव्यामुळे साखर रक्तात पोहोचायला उशीर होतो.